कुमुदची जागा

मार्च आला की माझे हात काहीतरी काढून टाकायला शिवशिवतात. कपाटातले आखूड झालेले कुडते, फ्रिजमधल्या उरल्यासुरल्या वाट्या, मोबाइलमधले शुभ सकाळचे फोटो, समोर येईल ते. नवरा म्हणतो, हिला वार्षिक झटका आला. येतो खरा. मी ज्या घरात वाढले तिथे मार्च म्हणजे शिमगा आणि परीक्षा, आणि दोघांचंही सांगणं एकच, साठलेलं जाळा आणि मोकळे व्हा. यंदाही मी ओढणी खोचून तशीच तरातरा निघाले, आणि माझीच बोलती बंद झाली. ती अजून पुरती सुरू झालेली नाही. भाजी निवडताना, ऑफिसात सही करताना मी मधेच थांबते आणि स्वतःशीच म्हणते, छे, असं कसं असेल?

आमच्या लालबागच्या चाळीत कॉम्प्युटर आला तेव्हा मी बारावीला होते आणि धाकटा भाऊ संदीप आठवीत. गिरणी बंद पडल्यावर बाबा फोर्टमधल्या एका ऑफिसात चिकटले होते. तिथे नवी यंत्रं आली आणि जुन्यातलं एक धूड बाबा टॅक्सीत घालून घरी घेऊन आले. एका खोलीत त्याला जागा कुठली? आईनं शिलाई मशीनचं डोकं आत दुमडलं आणि वरच्या फळीवर ते धूड बसवलं. हिंदमाताच्या कापडबाजारातून आणलेल्या ब्लाउजपीसच्या उरलेल्या तुकड्यांचं त्याला झालरीचं झाकण शिवलं. त्यानंतर आईला काही शिवायचं असलं की आधी कॉम्प्युटर पलंगावर झोपवावा लागे.

त्या दिवसांचा मार्च मला आजही नाकानं आठवतो. गॅलरीत वाळत घातलेल्या पापडांचा, होळीसाठी पोरांनी कुठून कुठून पळवून जिन्याखाली रचलेल्या मोडक्या खुर्च्यांचा, आणि त्या कॉम्प्युटरच्या मागच्या जाळीतून येणाऱ्या गरम वाऱ्याचा, ज्याला तापलेल्या धुळीचा वास असे. मजल्यावरची झाडून सगळी पोरं संदीपच्या पाठीवर ओणवी होऊन क्रिकेटचा गेम बघत. त्यातला समालोचक तीच तीन-चार इंग्रजी वाक्यं बोले आणि पोरं ती त्याच्याआधी म्हणत. मी त्याच खोलीत, ओट्याखाली पाय घालून, कानात कापूस कोंबून फिजिक्स पाठ करत असे.

आणि मग होळीचा दिवस उजाडे. आमच्याकडे होळीच्या दिवशी गेम काढून टाकायचे, हा नियम आईचा. मैदानात लाकडं रचून व्हायच्या आत, पुरण शिजत टाकलं की ती हात पुसून मशीनसमोरच्या स्टुलावर बसायची. तळमजल्यावर एका मुलानं कॉम्प्युटरचा क्लास काढला होता. त्याच्याकडून ती एवढंच शिकून आली होती, कुठे दाबलं की यादी उघडते आणि यादीतलं नाव कसं काढायचं. आईला कॉम्प्युटरवर एकच गोष्ट येत होती, काढून टाकणं. ती निळी पट्टी डावीकडून उजवीकडे सरकत जायची, पंखा घरघरायचा, आणि खाली पोरांनी होळीसाठी बोंब मारायला सुरुवात करायच्या आधीच आमच्या खोलीत संदीप तोंडावर हात ठेवून बोंब ठोकायचा. आई शांत. गेमच्या सीड्या ती एका पिशवीत गुंडाळायची आणि उकड्या तांदळाच्या डब्यात खोल खुपसून ठेवायची. शेवटचा पेपर झाला की तांदूळ झटकून बाहेर.

एका वर्षी गेम परत टाकल्यावर संदीपच्या लक्षात आलं की त्यानं वर्षभरात जिंकलेलं सगळं गेलं, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. तो जेवला नाही. पुढच्या मार्चमध्ये तळमजल्यावर जाऊन आई आणखी एक गोष्ट शिकून आली. गेम काढायच्या आधी त्यातलं साठवलेलं एका फ्लॉपीवर उतरवून घ्यायचं. ती फ्लॉपीही तांदळात. ‘खेळ जाऊ दे, पण पोर जिथवर पोचलंय तिथून मागे यायला नको,’ असं ती बाबांना म्हणाली होती. बाबा हसले होते.

परीक्षेच्या बाबतीत मात्र आई हसत नसे. बाकीच्या आया पेपर कसा गेला विचारायच्या. माझी आई माझ्या परळच्या शाळेच्या फाटकाबाहेर उन्हात उभी असायची आणि मी बाहेर आले की एकच विचारायची, ‘बसलीस ना पेपरला? शेवटपर्यंत बसलीस ना?’ मी वैतागायचे. पेपरला बसणार नाही तर काय उभी राहणार? मैत्रिणी तिची नक्कल करायच्या, मीही करायचे. मार्कांचं तिला काही नव्हतं. बसलं म्हणजे झालं.

आता चाळ नाही. तिच्या जागी टॉवर आहे आणि त्यात वरच्या मजल्यावर आई-बाबांना एका बेडरूमचं घर मिळालंय. नळाला पाणी दिवसभर असतं, तरी आई सकाळी उठून दोन कळश्या भरून ठेवते. संदीप बंगलोरला गेला, जाताना त्याचा चांगला मोठा कॉम्प्युटर आई-बाबांच्या बेडरूममध्ये ठेवून गेला. हिंदमाताजवळच्या आमच्या इमारतीला दुरुस्तीसाठी परांच्या बांधल्यात आणि दिवसभर हातोडे चालू असतात, म्हणून माझी मुलगी रेवा अभ्यासाला आजीकडे राहते. तिचे बारावीचे पेपर संपत आलेत आणि पुढे प्रवेश परीक्षा उभी आहे. ती कॉम्प्युटरवर द्यायची असते, म्हणून सरावही कॉम्प्युटरवर.

होळीच्या दिवशी दुपारी रेवाचा फोन आला. ‘मम्मी, प्रॅक्टिस टेस्टचं सॉफ्टवेअर इन्स्टॉलच होत नाहीये. डिस्क फुल दाखवतंय. उद्या सकाळी टेस्ट आहे.’ मला, खोटं कशाला बोला, आनंदच झाला. होळीचा दिवस, घरात परीक्षा, आणि काढून टाकायला गेम. मी बस पकडली आणि लालबागला उतरले.

स्वयंपाकघरात आई पुरण वाटत होती. बाबा बाल्कनीत पेपर वाचत होते. मी चपला काढल्या न काढल्या तोच कॉम्प्युटरसमोर बसले आणि सगळ्या प्रोग्रामना आकाराप्रमाणे ओळीत उभं केलं. मोठे पुढे, चिल्लीपिल्ली मागे.

‘ही बंदूकबाजी तुझी?’

‘संदीपमामाची. आणि थोडी माझी.’

‘गेली.’ आता निळी पट्टी वगैरे काही नसते. एक खिडकी येते, जाते, आणि एवढा थोरला खेळ नाहीसा होतो. बोंब मारायलाही वेळ मिळत नाही. ‘आणि ह्या गाड्या?’

‘काढ.’ रेवा निमूट होती. मला तेव्हाच संशय यायला हवा होता.

बाबांचा पत्त्यांचा खेळ अगदी चिमुकला, तो राहू दिला. उरला एक. सगळ्यात मोठा, आधीचे दोन्ही मिळून होतील त्याहून मोठा. घरं बांधायचा, त्यात माणसं ठेवायची, त्यांना जेवायला घालायचं, झोपवायचं, कामाला पाठवायचं, असला तो खेळ. शेवटचा कधी उघडला होता ते पाहिलं, तर आजच, तासाभरापूर्वी. मी उघडला. पडद्यावर निळं पाणी आलं, आणि त्यावर इंग्रजी अक्षरांत एक नाव. कुमुद. पुढे चालू ठेवायचं का, असं तो खेळ कुमुदला विचारत होता.

‘ही कुमुद कोण?’

रेवा नखं बघायला लागली. ‘मम्मी, तो गेम राहू दे ना.’

‘अगं पण कोण आहे ही? तुझी मैत्रीण? आजकाल कोणाचं नाव कुमुद असतं?’

‘मी प्रॉमिस केलंय. नाही सांगणार.’

माझ्या डोक्यात नाही नाही ते आलं. दोन म्हातारी माणसं घरात. रोज वाचतो आपण, कोण कुठून कॉम्प्युटरमध्ये शिरतं, गोड बोलतं. का शेजारची कोणी बाई रोज दुपारी इथे येऊन बसते? माझ्या आईच्या घरात, तिच्या नकळत, ही कुमुद नावाची बया महिनोन्‌महिने हातपाय पसरून राहतेय आणि माझ्या पोरीनं ते दडवावं! माझं टाळकं सरकलं. मी खेळ बंद केला, यादीत त्याच्यावर गेले आणि काढून टाका म्हटलं. खिडकी आली. साठवलेलं सगळं कायमचं जाईल, चालेल का? मी होयवर बाण नेला.

‘तिका हात लावू नको!’

मी दचकून वळले. दारात आई उभी होती. दोन्ही हातांना कोपरापर्यंत पुरण. माझी आई मालवणी बोलते ती फक्त फोनवर, तिच्या धाकट्या भावाशी. आमच्याशी ती कधीच बोलली नाही, मुलांची भाषा बिघडेल म्हणून. आणि आवाज? तो आवाज मी आयुष्यात ऐकला नव्हता.

‘कोणाला, आई?’

‘तिका. कुमुदाक.’

‘अगं पण कुमुद आहे कोण?’

आई पुढे आली. ‘ती मीच आसंय,’ ती म्हणाली.

मला एक क्षण वाटलं, आईला काहीतरी झालंय. वयाप्रमाणे होतं माणसांना, डॉक्टरकडे न्यायला हवं. माझ्या आईचं नाव सुनंदा आहे. रेशन कार्डावर, आधारवर, दाराच्या पाटीवर, सगळीकडे. सदानंदाची सुनंदा. प्रत्येक हळदीकुंकवाला तिचा उखाणा ह्याच दोन नावांचा. मामा तिला ताय म्हणतो, त्याच्या बायका-मुलांचीही ती ताय. आजी-आजोबा मला कळायला लागायच्या आधीच गेले. मी कधी दुसरं नाव ऐकलंच नाही. आणि लग्नात बायकांची नावं बदलतात हे मला माहीत नव्हतं का? चांगलं माहीत होतं. जगातल्या सगळ्या बायकांच्या बाबतीत माहीत होतं. माझ्या आईच्या बाबतीत ते कधी मनात आलं नाही, जशी काही ती आमची आई म्हणून, सुनंदा म्हणूनच जन्माला आली होती.

बाल्कनीतून बाबांनी मान वळवली. ‘कोण गं कुमुद?’

त्यांनी खरंच विचारलं होतं. चेष्टा नव्हती, आव नव्हता. मी आईकडे पाहिलं.

‘आहे एक,’ आई म्हणाली. ‘आमच्या गावची.’

बाबांनी पेपर उलटला. खेळाचा धक्का एक वेळ पचला असता. नावाचाही पचला असता. पण ज्या माणसानं ते नाव पुसलं, त्याच्या ते लक्षातसुद्धा राहू नये? बाबा वाईट नाहीत. आईनं डोकं दुखतंय म्हटलं तर खाली जाऊन बाम घेऊन येतात. त्यातच तर सगळी गोची आहे. रागवायचं कोणावर?

आईनं हात धुतले, चष्मा लावला, मला खुर्चीवरून उठवलं आणि स्वतः बसली. जी बाई फक्त काढून टाकायला शिकली होती, तिची बोटं झरझर चालत होती. निळं पाणी आलं, वाळू आली, आणि समुद्राला तोंड करून एक घर उभं राहिलं. ‘चिऱ्याचो रंग मिळाक नाय,’ ती पुटपुटली, मग मी ऐकतेय हे लक्षात येऊन म्हणाली, ‘चिऱ्याचा दगड नाही ह्यांच्याकडे. म्हणून विटकरी लावला.’ दारात दोन माड. आत एक खोली, तिला दार, दाराला आतून कडी. खिडकीशी टेबल, टेबलावर दिवा आणि पुस्तकं. एक पलंग, एक खुर्ची, एक कप. आणि दोन वेण्या घातलेली, सावळी, काटकुळी एक मुलगी, जी खिडकीशी बसून वाचत होती. तिच्याभोवती कोणी नव्हतं. कोणी तिला हाकही मारत नव्हतं.

‘दुसरी खुर्ची नाही?’ मी विचारलं.

‘कोणासाठी?’

मी पुढचं अंगण पाहिलं, मागची पडवी पाहिली, बाग पाहिली. वेड्यासारखी मी आईला इकडे फिरव, तिकडे फिरव म्हणत होते. चाळ गेली म्हणून ऊर बडवणारी मी. मला खात्री होती की आईनं कुठेतरी ती गॅलरी, तो जिना, आमची खोली केली असणार. काहीच नव्हतं. बाबा नव्हते, संदीप नव्हता. मी नव्हते. मला राग आला, आणि त्या रागाखाली मला लहान पोरासारखं रडू येत होतं. आपली आई आपल्याशिवाय इतकी सुखात असू शकते?

‘आई, आम्ही कुठे आहोत गं ह्यात?’

‘तुम्ही अजून झाला नाहीत,’ आई सहज म्हणाली. ‘तिची परीक्षा व्हायचीय.’

रेवा पलंगावर पाय दुमडून बसली होती. ती म्हणाली, लॉकडाऊनमध्ये आजी कंटाळायची म्हणून हा खेळ रेवानंच तिला कॉम्प्युटरवर घालून दिला. सुरुवातीला नाव विचारतात. ‘मी म्हटलं, सुनंदा टाकू? तर आजी म्हणाली, खरं टाकलं तर चालतं का?’ आणि खेळात माणसांचं वय वाढतं, पण ते थांबवायची सोय आहे, तीही रेवानंच दाखवली होती. कुमुद तेव्हापासून त्याच वयाची आहे. रोज दुपारी बाबा झोपले की ती शाळेत जाते, परत येते, समुद्रात पोहते, खिडकीशी बसून वाचते.

मग आईनं सांगितलं. हात मांडीवर ठेवून, पडद्याकडे बघत, जसं काही दुसऱ्या कोणाचं सांगावं तसं. मालवणजवळच्या गावात ती दहावीला होती. गिरणीतले लोक शिमग्याच्या रजेवर गावी यायचे. त्यात एक मुलगा आला होता, त्यानं मुलगी पाहिली, पसंत पडली, आणि रजा संपायच्या आत लग्न लावायचं ठरलं. परीक्षा तोंडावर होती. तिचे वडील म्हणाले, परीक्षा पुन्हा येते, स्थळ येत नाही. मांडवात ताटात तांदूळ पसरले आणि नवऱ्यामुलानं अंगठीनं त्यात नाव लिहिलं.

‘मी वाकून वाचलं,’ आई म्हणाली. ‘मला वाटलं, दुसऱ्या कोणाचं तरी ताट इथे आलं.’

‘मग?’

‘मग काय? इंग्रजीच्या पेपराच्या दिवशी मी मुंबईच्या गाडीत बसलेले.’

बसलीस ना पेपरला? शेवटपर्यंत बसलीस ना? परळचं ते फाटक, ते ऊन, तिची ती घामेजलेली मान मला दिसली. मी रेवाशेजारी पलंगावर मटकन बसले. आम्ही मैत्रिणी त्या वाक्यावर किती हसायचो.

‘आणि त्या तांदळाचं काय केलं?’ हे मी का विचारलं देव जाणे.

‘काय करणार? दुसऱ्या दिवशी भात लावला असेल.’

उद्याची टेस्ट मात्र उद्याच होती. दोन खेळ काढूनही डिस्कवर सॉफ्टवेअरपुरती जागा झालेली नव्हती. मला एकदम सुचलं, आणि वाटलं, हे तर आईलाच आवडेल. ‘आई, तू संदीपचं फ्लॉपीवर घेऊन ठेवायचीस ना, तसं करू. खेळ काढू आणि कुमुदला पेनड्राइव्हवर उतरवून ठेवू. रेवाची परीक्षा झाली की परत टाकू. ती आहे तिथूनच पुढे चालू होईल.’

आईनं चष्मा काढला. ‘तांदळात पुष्कळ वर्षं राहिली ती,’ ती म्हणाली. ‘आता नाही ठेवायची.’

मी पुन्हा यादीशी गेले. खेळ संपले होते, म्हणून फोटो, व्हिडिओ बघायला लागले, आणि तिथे एक अजस्र फाइल सापडली. माझं लग्न. संदीपनं जुन्या कॅसेटवरून उतरवून घेतलेलं, तीन तासांचं, वर तेच पुन्हा दोन वेगळ्या प्रकारांत. आजवर कोणी उघडलं नसेल. हलवायच्या आधी मी मधेच कुठेतरी चालू केलं, तर दादरच्या त्या हॉलमध्ये माझ्या सासूबाई तांदळाचं ताट पुढे करत होत्या. ‘काय गं, नाव काय ठेवायचं ठरलंय?’ बायका हसत होत्या. आणि तेवढ्यात कॅमेऱ्याच्या बाहेरून एक आवाज आला, स्पष्ट, जरा चढलेला. ‘नाव आहे की तिला.’

तो प्रसंग मी विसरले नव्हते. मांडवात मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. माझी आई, जी कधी वर तोंड करून बोलली नाही, ती भर लग्नात विहीणबाईंना असं बोलली! नवऱ्यानं हसून वेळ निभावून नेली आणि तांदळात माझं मनीषा हेच नाव लिहिलं. मला तेव्हापासून वाटायचं, आईला त्या दिवशी उन्हाचा त्रास झाला असावा. मी व्हिडिओ मागे नेला आणि पुन्हा ऐकलं. नाव आहे की तिला. मग आणखी एकदा. माझ्या नावाच्या वतीनं भांडायला त्या हॉलमध्ये कोण उभं होतं, हे मला आज दुपारी कळत होतं.

ती सगळी फाइल पेनड्राइव्हवर गेली. डिस्कवर भरपूर जागा झाली, रेवाचं सॉफ्टवेअर बसलं, आणि आईनं तो पेनड्राइव्ह एका प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून, स्वयंपाकघरात नेऊन तांदळाच्या डब्यात खोल खुपसला. माझं लग्न तूर्त तिथे आहे. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, निदान कीड तरी लागणार नाही.

संध्याकाळी टॉवरच्या आवारात होळी रचली होती. आता मोडक्या खुर्च्या कोणी पळवत नाही, लाकडं मागवतात. पण कोकणातली घरं अजून बरीच आहेत, त्यामुळे बोंबा अस्सल होत्या. कर्ण्यावर गाणी, ढोल, धूर, पोरांच्या पिचकाऱ्या. आई पोळीच्या नैवेद्याचं ताट घेऊन पुढे गेली आणि गर्दीत दिसेनाशी झाली. बाबा नारळ हातात धरून माझ्याजवळ उभे होते. आमच्याकडे होळीत नारळ जोडीनं द्यायचा असतो, एकट्यानं देत नाहीत.

‘हाक मार तिला,’ बाबा म्हणाले. ‘आपला नंबर येईल.’

‘आई!’ मी ओरडले. आयांची तिथे काय कमी? दोघी-तिघींनी मागे वळून पाहिलं, त्यांत माझी नव्हती. ‘आई! ए आई!’ ढोल वाजतच होता. बाबांनीही त्यांच्या पद्धतीनं हाक मारली, ‘अगं ए, ऐकलंस का!’ ती आगीच्या पलीकडे उभी असलेली मला दिसली, ताट दोन्ही हातांत, धुरानं डोळे बारीक करून ज्वाळेकडे बघत. तिला आमच्यातलं काही ऐकू येत नव्हतं.

मी पुढे झाले, दोन्ही हातांचा कर्णा केला आणि दुपारपासून तोंडात घोळणारं ते नाव जितक्या मोठ्यानं ओरडता येईल तितक्या मोठ्यानं ओरडले.

‘कुमुद!’

‘ओ!’

पलीकडून क्षणात ओ आली. विचार करायला, ओळखायला तिनं जराही वेळ घेतला नाही. शाळेतून हाक मारावी आणि विहिरीवरून कोणी ओ द्यावी तशी ती ओ होती, खणखणीत, आणि माझ्या आईच्या घशातून आलेली. माझ्या डोळ्यांना धार लागली. आगीला वळसा घालून, माणसं बाजूला सारत, ताट सांभाळत ती भराभर आमच्याकडे यायला लागली.

‘कोणाला गं हाक मारलीस?’ बाबांनी विचारलं.

मी नुसतं समोर बोट दाखवलं.